एकदा आमच्या क्रायोस्टॅटपाशी येऊन उभे राहा

प्रति,
पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत लेझर आणि प्रकाशावर काम करणारे संशोधक, आणि तिथे पीएचडी करणारी मुलंमुली यांस

स. न. वि. वि.

"मॅडम, फ्रोजन आलंय."

आमच्या विभागात हे शब्द कानावर पडले की हातातलं काम तिथेच सोडायचं. थिएटरचे मामा सलाइनच्या गॉजमध्ये गुंडाळलेला तुकडा आणि त्याचा फॉर्म घेऊन दारात उभे असतात. फॉर्मवर लिहिलेलं असतं, 'जीभ, उजवी बाजू, तळाची मार्जिन'. वर थिएटरमध्ये पेशंट भुलीखाली आहे, गाठ काढून झाली आहे, आणि सर्जन हात बांधून आमच्या फोनची वाट बघतोय. कापलेल्या कडेला कर्करोगाच्या पेशी उरल्यात का, एवढंच त्याला हवं असतं. उरल्या असतील तर आणखी कापायचं, नसतील तर शिवायला घ्यायचं.

आम्ही तो तुकडा शाई लावून चकवर ठेवतो, भोवती ओसीटीचं जेल घालतो आणि उणे २० ते २५ अंशांच्या क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे आत पातं असलेल्या शीतपेटीत, गोठवतो. मग पाच मायक्रॉनचा काप, काचपट्टी, अल्कोहोल, हिमॅटॉक्सिलिन, इओसिन, वरून कव्हरस्लिप, आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली माझे डोळे. एका तुकड्याला वीस मिनिटं लागतात. पाच तुकडे एकदम आले तर तासही जातो, कारण क्रायोस्टॅट एक आणि काप घेणारी ताई एक.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, मिरजेची, आणि गेली चोवीस वर्षं हे काम करते आहे. तुमच्याशी माझी ओळख नाही. तरीही हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, कारण मला जे हवं आहे ते बनवू शकणारी माणसं तुमच्यात आहेत, आणि माझ्या टेबलावर काय होतं ते तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं आहे अशी माझी समजूत आहे.

काही वर्षांपूर्वीची एक केस सांगते. गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग, पेशंट चाळिशीतला, अठरा-वीस वर्षं तंबाखूची गोळी त्याच जागी. तळाच्या मार्जिनमध्ये चरबी होती. चरबी क्रायोस्टॅटच्या तापमानाला नीट घट्ट होत नाही. ती पात्याखाली घसरते, फाटते, कापात भोकं पडतात. आम्ही तीन काप घेतले. जे दिसलं त्यात कर्करोग नव्हता, आणि मी 'फ्री' सांगितलं. पाच दिवसांनी पॅराफिनच्या, म्हणजे मेणाच्या, ब्लॉकमधून नेहमीच्या स्लाइड आल्या. त्याच चरबीत, एका बारीक मज्जातंतूला वेढून बसलेल्या कर्करोगाच्या पेशींचे दोन पुंजके. त्या माणसाला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलं. त्याच्या बायकोला ते समजावून सांगताना सर्जनशेजारी मीही उभी होते.

मी त्या फ्रोजन स्लाइड पुन्हा काढून दहादा बघितल्या. त्यात ते पुंजके नव्हतेच. मी चुकीचं वाचलं नव्हतं, पण वाचायला मिळालेला भाग फार थोडा होता. हे पत्र त्या 'फार थोडा'बद्दल आहे.

आता तुमच्या विषयाकडे येते. मी जे समजून घेतलं आहे ते माझ्या शब्दांत मांडते. चुकलं तर दुरुस्त करा.

मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीशेजारी माझं लहानपण गेलं. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ एका स्वरात लागल्या की त्यांच्यातून एक 'वाँव-वाँव' असा हेलकावा ऐकू येतो. तारा जुळत आल्या की हेलकावा संथ होतो. त्याचा वेग म्हणजे दोन तारांच्या कंपनांतला फरक. तुमच्या सूक्ष्मदर्शकात हेच प्रकाशाचं होतं. दोन लेझर एकाच बिंदूवर टाकायचे, एकाची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, दुसऱ्याची ८१७ च्या आसपास. या दोघांच्या कंपनांतला फरक येतो सेकंदाला सुमारे ८५ लाख कोटी. चरबीच्या रेणूंतल्या कार्बन-हायड्रोजनच्या जोड्या नेमक्या याच वेगानं थरथरत असतात. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला की झोका चढतो, तशी ही थरथर वाढते, आणि त्या भरात एका लेझरमधला किंचित प्रकाश कमी होऊन दुसऱ्यात जमा होतो. ती घट मोजली की त्या बिंदूत चरबी किती आहे ते कळतं. ८१७ ऐवजी ८११ नॅनोमीटर घेतलं तर प्रथिनांचा वाटा जास्त दिसतो. यात रंग घालायचा नाही, तुकडा गोठवायचा नाही आणि पेशी मारायच्या नाहीत.

याला स्टिम्युलेटेड रामन म्हणतात. नावातले रामन आपलेच. २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात त्यांनी आणि के. एस. कृष्णन यांनी सूर्याचाच प्रकाश वापरून हा परिणाम पाहिला, आणि त्याच्या पहिल्या वृत्तांतात साठ वेगवेगळ्या द्रवांचा उल्लेख केला. हेच रामन त्याआधी तंबोरा आणि वीणेच्या तारांवर काम करत होते, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर इतका आनंद झाला की गल्लीतल्या एका जुन्या कारागिरांना मुद्दाम जाऊन सांगून आले.

रामनच्या मूळ परिणामाची अडचण तुम्हाला ठाऊकच आहे. कोट्यवधी फोटॉनांतला एखादाच रंग बदलून बाहेर येतो. म्हणून एका बिंदूचा चांगला वर्णपट घ्यायला अगदी सेकंदभरही थांबावं लागतं. वैद्यकीय कामाच्या मापानं याचा अर्थ काय होतो ते मी कागदावर मांडून पाहिलं. माझ्याकडे येणारा मार्जिनचा तुकडा साधारण चार मिलिमीटर लांब-रुंद असतो. अर्ध्या मायक्रॉनच्या अंतरानं बिंदू घेतले तर एका बाजूला ८,०००, म्हणजे एकूण ६ कोटी ४० लाख बिंदू. बिंदूला एक सेकंद धरला तर एका चित्राला दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. तेच बिंदूला एक मायक्रोसेकंद धरा, चौसष्ट सेकंदांत काम होतं.

दोन वर्षं आणि चौसष्ट सेकंद यांच्यामध्ये तुमच्या लोकांची कित्येक दशकांची मेहनत आहे. १९६२ साली ह्यूजच्या प्रयोगशाळेत रूबी लेझरमध्ये नायट्रोबेंझिनची कुपी ठेवल्यावर एक अनपेक्षित तरंगलांबी बाहेर पडली, आणि रामनचा परिणाम 'ढकलून' मोठा करता येतो हे कळलं. सूक्ष्मदर्शकात तो यायला २००८ उजाडलं. हार्वर्डमध्ये सनी शी यांच्या गटानं ते केलं, आणि दोन वर्षांत व्हिडिओच्या वेगानं जिवंत त्वचेची चित्रं घेतली. जपानमध्ये यासुयुकी ओझेकी यांच्या गटानं तरंगलांबी झटपट बदलणारा लेझर बसवला. नंतर तिथे वाहत्या पेशी सेकंदाला १४० च्या वेगानं, रंग न लावता, चित्र घेऊन वेगळ्या ओळखल्या गेल्या.

यातलं मला सगळ्यात थक्क करणारं काम लेझरचं नाही, इलेक्ट्रॉनिक्सचं आहे. प्रकाशातली जी घट मोजायची ती दहा हजारांत एक, कधी दहा लाखांत एक एवढीच असते. लेझर स्वतःच त्याहून जास्त लुकलुकतो. म्हणून एका लेझरला सेकंदाला लाखो-कोटी वेळा चालू-बंद करायचं आणि दुसऱ्यात नेमक्या त्याच तालाची थरथर शोधायची. पंढरीच्या वाटेवर हजारो माणसांच्या गलक्यात आपल्या दिंडीचा टाळ ओळखू येतो, कारण त्याची लय आपल्याला आधीच माहीत असते. लॉक-इन ॲम्प्लिफायरचं काम मी असंच समजते. टेबलभर पसरलेल्या नाजूक लेझरऐवजी दवाखान्यात ढकलत नेता येईल असा फायबर लेझर वापरायचा ठरला, तेव्हा त्याचा गोंगाट जास्त होता. मग दोन डिटेक्टर लावून एकातून दुसरा वजा करण्याची युक्ती निघाली. ही युक्ती नसती तर ते यंत्र प्रयोगशाळेतल्या टेबलावरून उठलंच नसतं.

ते उठलं, आणि अमेरिकेत मेंदूच्या शस्त्रक्रियेत गेलं. मिशिगन विद्यापीठाच्या न्यूरोसर्जननी २०१७ मध्ये थिएटरमध्येच ताज्या तुकड्यांची अशी चित्रं घेतली. २०२० साली २७८ पेशंटांवरचा त्यांचा अभ्यास आला. चित्र संगणकानं वाचलं तर अचूकता ९४.६ टक्के, नेहमीच्या पद्धतीची स्लाइड पॅथॉलॉजिस्टनं वाचली तर ९३.९. आणि संगणकाचं उत्तर अडीच मिनिटांच्या आत. २०२४ मध्ये त्याच गटानं, कमी तपशिलाचं चित्र घेतलं तर मेंदूत उरलेला ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्याच पेशींचा कर्करोग, दहा सेकंदांत ओळखता येतो, हे दाखवलं.

हे वाचून माझ्या काही सहकाऱ्यांना धास्ती वाटली. मला वाटली नाही. तो निबंध वाचताना माझ्या डोळ्यांपुढे गालाच्या चरबीतला तो मज्जातंतू होता. मज्जातंतूभोवती मायलिनचं आवरण असतं आणि मायलिन म्हणजे बहुतांशी चरबी. ८१७ नॅनोमीटरला ते दिवाळीच्या आकाशकंदिलासारखं उजळतं. मेंदूची अशी चित्रं मी पाहिली आहेत. ज्या चरबीला आमचा क्रायोस्टॅट घाबरतो, तीच तुमच्या सूक्ष्मदर्शकात सगळ्यात ठळक दिसते. तोंडाच्या कर्करोगात मज्जातंतूला धरून पसरणं हे फार वाईट लक्षण, आणि फ्रोजनमध्ये ते नेमकं निसटतं. या दोन गोष्टी एकमेकींसाठी बनल्यासारख्या आहेत असं मला मनापासून वाटतं.

मेंदूचं काम मोठंच आहे. पण आपल्याकडे रांग कशाची आहे ते पाहा. २०२२ च्या जागतिक अंदाजांत भारतात एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १,४०,००० नवे रुग्ण धरले आहेत. पुरुषांत तो पहिल्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. काढलेले भाग आम्ही जिथे तपासून कापतो त्या ग्रॉसिंगच्या टेबलावर ती अजून पोचलेली नाही.

शांघायमध्ये स्वरयंत्राच्या आणि जर्मनीत तोंडाच्या कर्करोगावर असे प्रयत्न झाले आहेत. आपल्याकडे खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, तोंडाच्या कर्करोगावर रामन वर्णपटांचं काम बरीच वर्षं झालं. बारीक प्रोब गालाला लावून निरोगी आणि रोगट जागेतला फरक त्यांनी दाखवला. म्हणजे या मातीत सुरुवात झालेली आहे. पण प्रोब एका जागेचं सरासरी उत्तर देतो. मला चित्र हवं आहे, पेशी पेशीसारखी दिसेल असं, आणि कापलेली अख्खी कड त्यात यायला हवी.

आता नेमकं काय हवं ते सांगते. जिभेचा काढलेला भाग समजा चार सेंटिमीटर लांब, तीन रुंद आणि दोन जाड आहे. वरची बाजू म्हणजे जिभेचा पृष्ठभाग, ती सोडा. चारही कडा आणि तळ मिळून सर्जननं कापलेली बाजू होते ४० चौरस सेंटिमीटर. चार बाय चारचे २५० चौकोन. प्रत्येकाला चौसष्ट सेकंद आणि दोन तरंगलांबी, म्हणजे जवळजवळ नऊ तास. मला ते वीस मिनिटांत हवं आहे. तेव्हा आजच्या वेगाच्या पंचवीस-तीस पट वेग लागेल.

मी तुमच्याकडे एवढंच मागते आहे, आणि ते अशक्य नाही असं मला वाटतं. त्यातला काही भाग तुम्ही वेगानं मिळवाल, काही माझ्या ज्ञानानं सोडवता येईल. उदाहरणार्थ, सगळीकडे अर्धा मायक्रॉन नको. आधी दोन मायक्रॉनच्या जाडसर नजरेनं पूर्ण कड फिरून या, तेव्हाच बिंदू सोळापट कमी होतील. जिथे केंद्रकांची दाटी किंवा पेशींची बेटं दिसतात तिथेच थांबून बारीक बघा. मीही सूक्ष्मदर्शकात तेच करते, आधी चारच्या लेन्सवर, मग चाळीसच्या. चोवीस वर्षांत कुठे थांबायचं ते माझ्या डोळ्यांत बसलं आहे. ते तुमच्या मशीनला शिकवायची माझी तयारी आहे, त्यासाठी मी माझे रविवार देईन.

पूर्ण वर्णपटाचा मोह मात्र आवरा, असं मी धीटपणानं म्हणते. तुमच्या परिषदांत जास्तीत जास्त रसायनं एकाच चित्रात दाखवण्याची ओढ असते आणि त्यातलं सौंदर्य मलाही कळतं. पण प्रत्येक वाढीव तरंगलांबीला वेळ लागतो. मार्जिनसाठी मला चरबी आणि प्रथिनं पुरतात. तिसरी गोष्ट मिळाली तर कोलॅजन द्या, म्हणजे ऊतीतले चिवट प्रथिन-तंतू. तो तर त्याच लेझरच्या दुप्पट कंपनाच्या प्रकाशात आपसूक चमकतो, वेगळा लेझर लागत नाही. सुपारीनं तोंड आखडलेल्या पेशंटांत, ज्यांना दोन बोटंही तोंडात घालता येत नाहीत, कोलॅजन किती आणि कसा साचला आहे ते रंग न लावता दिसलं तर आमच्या दंतविभागाचेही डोळे उघडतील.

आणि आता तुम्ही इथे का यायला हवं ते. मेंदूचा तुकडा मऊ असतो, काचेवर दाबला की पसरतो. जीभ म्हणजे स्नायू, ती दाबली तरी पसरत नाही. मुळात या पद्धतीत प्रकाश आरपार गेलेला मोजतात, आणि दोन सेंटिमीटर जाड ठोकळ्यातून तो आरपार जाणार नाही. लेन्सच्या भोवती डिटेक्टरचं कडं बसवून उलटा फिरलेला प्रकाश गोळा करायची पद्धत आहे, हे मी वाचलं आहे. ती ओल्या, खडबडीत, रक्तानं माखलेल्या पृष्ठभागावर किती टिकते, हे इथे पाहिल्याशिवाय तुम्हालाही सांगता येणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट जळालेल्या कडेची. सर्जन अलीकडे चाकूपेक्षा कॉटरीनं, म्हणजे विजेच्या उष्णतेनं, जास्त कापतात. त्यामुळे मार्जिनची कड भाजलेली, काळपट असते. काळ्या भागात लेझर शोषला जाईल, तापेल, आणि खोटा सिग्नल येईल. रक्ताचंही तसंच. तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडात रंगद्रव्य साचलेलं असतं. कर्करोगातच केराटिनचे मोती असतात, गच्च प्रथिनांचे. अमेरिकेतल्या मेंदूंवर शिकलेल्या संगणकानं यातलं काहीच पाहिलेलं नाही. म्हणून त्याचे ९४.६ टक्के माझ्या टेबलावर चालणार नाहीत, इथल्या ऊतींवर, इथल्या सवयींनी बिघडलेल्या तोंडांवर तो पुन्हा शिकायला लागेल.

एक विनंती त्या गुलाबी-जांभळ्या चित्रांबद्दल. दोन तरंगलांबींची चित्रं घेऊन त्यांना हिमॅटॉक्सिलिन-इओसिनसारखे रंग चढवतात, म्हणजे आम्हाला ओळखीचं वाटावं. कल्पना चांगली आहे, पण मूळ दोन्ही चित्रंही माझ्यासमोर ठेवा. हिमॅटॉक्सिलिन केंद्रकाला रंगवतं. तुमच्या पद्धतीत केंद्रक दिसतं ते चरबी कमी आणि प्रथिनं-डीएनए जास्त म्हणून. दोन्ही जांभळंच दिसलं तरी कारण वेगळं आहे, आणि जिथे कारण वेगळं तिथे चूकही वेगळ्या जागी होईल. ती कुठे होते हे शिकायला मला कच्चं चित्र लागेल.

मी सगळं रंगवायचं सोडून द्या म्हणत नाही. या पद्धतीची संवेदनशीलता मिलिमोलरच्या घरात आहे. थोड्या संख्येनं असलेली प्रथिनं तिला दिसत नाहीत. स्तनाच्या कर्करोगात हर-टू, घशाच्या कर्करोगात पी-१६, अशा प्रथिनांना प्रतिपिंडाचं लेबल लावावंच लागेल. पण इथेच रंग न लावण्याचा खरा फायदा आहे. तुमच्या लेझरखालून आलेला तुकडा तसाच्या तसा उरतो. तोच फॉर्मलिनमध्ये टाकून पाच दिवसांनी नेहमीची स्लाइड करता येते, त्याच पेशींवर. फ्रोजनमध्ये गोठवलेल्या तुकड्यात बर्फाच्या स्फटिकांची भोकं पडतात आणि नंतरची स्लाइडही बिघडते. म्हणजे तुमच्या यंत्राचं उत्तर बरोबर होतं का, ते प्रत्येक वेळी त्याच तुकड्यावर तपासून बघता येईल. एवढी प्रामाणिक परीक्षा वैद्यकात क्वचित घेता येते.

जिवंत पेशींचा भाग माझ्या रोजच्या कामाचा नाही, म्हणून थोडक्यात. पेशीत ग्लुकोज कसं फिरतं हे बघायला त्याला चमकणारं प्रथिन चिकटवलं तर मुंगीच्या पाठीवर नारळ ठेवल्यासारखं होतं. ग्लुकोजच्या रेणूचं वजन १८०, त्या प्रथिनाचं २७,००० च्या आसपास. त्याऐवजी हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन बसवला तर वजन जेमतेम वाढतं, आणि त्याची थरथर वर्णपटात अशा जागी येते जिथे पेशीचं दुसरं काहीच नसतं. जंतूंना जड पाणी पाजून, अँटिबायोटिक दिल्यावरही ते चरबी-प्रथिनं बनवत राहतात का, हे बघून औषध लागू आहे की नाही ते काही तासांत सांगता येतं. आज आमच्या मायक्रोबायोलॉजीत याला दोन-तीन दिवस लागतात. आणि जड पाणी बनवणारा कारखाना अलिबागजवळ थळला आहे. हे काम हाती घेणाऱ्याला कच्चा माल समुद्रापलीकडून आणायला नको.

मुंबईच्या आयआयटीत क्वांटम मिशनचं संवेदन आणि मापनाचं केंद्र आहे, त्यांना वेगळी विनवणी. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या गटानं 'पिळलेला' प्रकाश, म्हणजे ज्याचा स्वतःचा गोंगाट दाबलेला असतो असा प्रकाश, वापरून याच रामन सूक्ष्मदर्शकाचा सिग्नल-गोंगाट गुणोत्तर ३५ टक्क्यांनी सुधारला, तेही पेशी न जाळता. लेझरची शक्ती वाढवून वेग मिळवायला गेलं की पेशी भाजतात, ही सगळ्यांचीच भिंत आहे. त्या भिंतीला भोक पाडायचं काम तुमच्या केंद्राच्या नावातच लिहिलेलं आहे. जिभेची मार्जिन हा तुमच्या पाहणीतला एक नमुना म्हणून घ्या.

पैसे देणाऱ्यांनाही हे पत्र कुणी दाखवलं तर बरं. परदेशातून तयार यंत्र मागवायचं, फीत कापायची आणि देखभालीचा करार संपला की त्यावर प्लॅस्टिकचं आवरण घालायचं, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. तसं यंत्र मला नको. ज्याचा डिटेक्टर इथल्या एखाद्या मुलीनं स्वतः जोडला आहे आणि बिघडला तर जी दुसऱ्या दिवशी पुण्याहून गाडी पकडून येऊ शकते, असं यंत्र हवं. आणि तिच्या पीएचडीत त्या जोडणीला निबंधाइतकी किंमत मिळावी.

माझ्या बाजूनं काय देऊ शकते ते लिहिते. एथिक्स कमिटीचा अर्ज मी लिहीन, तो तुमच्यावर टाकणार नाही. पेशंटची संमती मराठीत, त्यांना कळेल अशा भाषेत, मी आणि आमच्या मावशी बसून घेऊ. काढलेल्या भागातला जो तुकडा निदानाला लागत नाही तो ताजा मिळेल, त्याच्या शेजारचा ब्लॉक मिळेल, आणि त्यावर माझी व माझ्या दोन सहकाऱ्यांची स्वतंत्र मतं मिळतील. जिथे आम्हा तिघांत मतभेद असेल तेही लपवणार नाही. तुमच्या संगणकाला शिकवायला आमचे मतभेदही लागतील.

आणि ज्यांना यातलं काहीच पटलं नाही, त्यांनीही एकदा या. दोन दिवस पुरे. आमच्याकडे तोंडाच्या शस्त्रक्रिया सोमवारी आणि गुरुवारी असतात. पहिलं फ्रोजन साधारण अकराला येतं, शेवटचं कधी चारला, कधी सहाला. सर्जनना मी सांगून ठेवलं आहे, थिएटरच्या काचेतून बघायची परवानगी मिळेल. पुण्याहून सकाळी लवकरची गाडी धरलीत तर आदल्या रात्री मुक्कामाची गरज नाही, आणि राहायचंच असेल तर माझ्या घरी वरची खोली रिकामी आहे. येताना रबरी तळाचे बूट घाला, मेणाच्या कणांनी आमची फरशी निसरडी झालेली असते.

आपली,
एक पॅथॉलॉजिस्ट, मिरज